मनाची पैसेवारी

शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या मनावरचा ताण प्रश्नावलीने मोजावा की मोजू नये, यावर आपल्याकडे दोन पक्ष पडले आहेत. मला दोघांचीही भूमिका उथळ वाटते. पहिला पक्ष म्हणतो, शेतकऱ्याला आजार झालेला नाही, त्याला कर्ज झाले आहे. त्याला कागदावरचे प्रश्न विचारून नैराश्यग्रस्त ठरवणे म्हणजे कापसाच्या भावाचा दोष त्याच्या डोक्यावर टाकणे. दुसरा पक्ष सरकारी आहे आणि काही अंशी वैद्यकीयही. तो म्हणतो, घरोघरी प्रश्नावल्या भरल्या, इतके सौम्य, इतके मध्यम, इतके तीव्र निघाले, अहवाल वर गेला. पहिल्याला मोजणीच नको आहे आणि दुसऱ्याचे काम मोजणीपाशी संपते.

माझे म्हणणे असे की मनाचा ताण मोजलाच पाहिजे. पण आकडा हाती आल्यावर ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या माणसाने, ठरलेले काम करणे बंधनकारक नसेल, तर अशा मोजणीला नैतिक अधिकार उरत नाही. पुसदच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. महसूल खाते दरवर्षी पिकांची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या तुलनेत पीक किती आले याचा अंदाज, काढते. ती ५० पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती आजवरच्या शासन निर्णयांनी तिला जोडल्या आहेत. पैसेवारीवर गावोगावी भांडणे होतात, निवेदने दिली जातात, कारण तो आकडा सरकारला काहीतरी करायला लावतो. मनाच्या आकड्यावर कोणी भांडत नाही, कारण तो कोणालाच काही करायला लावत नाही. सगळी गफलत इथे आहे.

### हा प्रश्न पुसदचा का

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस हा पट्टा राज्याला दोन मुख्यमंत्री देणारा. हरितक्रांतीच्या काळात राज्याचे नेतृत्व करणारे वसंतराव नाईक इथल्याच गहुलीचे. आणि शेजारच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवन संपवले, तेव्हापासून या पट्ट्याची दुसरी ओळखही महाराष्ट्राला झाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात.

त्यानंतर समित्या आल्या, पॅकेजे आली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २०१५-१६ पासून राज्याच्या आरोग्य खात्याने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा ताईंनी घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या आधारे ताणाखालची माणसे ओळखायची, त्यांची वर्गवारी करायची, गरजेप्रमाणे त्यांना समुपदेशनाकडे आणि मानसोपचाराकडे पाठवायचे आणि सोबत १०४ ही हेल्पलाइन, अशी त्याची रचना. यवतमाळ त्या १४ जिल्ह्यांत आहे. म्हणजे मन मोजण्याची चर्चा आपल्यासाठी पुस्तकी नाही, ती ओसरीवर येऊन बसलेली आहे.

### १. प्रश्नावली नेमके काय मोजते

जगात सर्वाधिक वापरली जाणारी नैराश्याची प्रश्नावली म्हणजे पीएचक्यू-९. क्रोन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स या अमेरिकी संशोधकांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. प्रश्न नऊ आणि काळ मागच्या दोन आठवड्यांचा. कशात रस वाटत नाही का, मन उदास आहे का, झोप कशी आहे, थकवा येतो का, भूक कशी आहे, आपण नालायक आहोत असे वाटते का, लक्ष लागते का, हालचाल मंदावली किंवा बेचैनी वाढली आहे का आणि शेवटी, जगणे नको वाटते का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण आले की नैराश्याची शक्यता धरून पुढे तपासायचे. चिंतेसाठी अशीच सात प्रश्नांची जीएडी-७ ही प्रश्नावली २००६ मध्ये आली.

‘पुढे तपासायचे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गाळणी म्हणून ही साधने उत्तम आहेत. पाच मिनिटांत होतात, पैसे लागत नाहीत, डॉक्टर नसला तरी चालते. एरवी माणूस आपणहून जे बोलत नाही, ते बोलायला निमित्त मिळते. ‘मन मोजता येत नाही’ म्हणून त्यांना झटकणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ताप मोजला म्हणून कोणी माणसाला तापापुरता समजत नाही. मात्र गुण म्हणजे निदान नव्हे. निदान करायला माणसाने माणसाशी बोलावे लागते.

### २. आकडा कुठे चुकवतो

पहिली चूक : कष्टाची गणना आजारात होते. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे असते आणि कृषिपंपाला वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत मिळते. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जावे लागते. अशा माणसाला ‘झोपेची तक्रार किती दिवस?’ असे विचारले तर तो खरे तेच सांगणार, ‘रोजच’. तीन गुण. थकवा? रोजच. आणखी तीन. धड वेळेवर जेवण नाही, भूक मेलेली, आणखी दोन-तीन. मनात उदासीचा लवलेश नसताना हा माणूस दहाच्या उंबरठ्यावर पोहोचला. वेचणीच्या दिवसांत पहाटे घर सोडणारी मजूर बाई, ऊसतोडीहून परतलेले जोडपे, यांचेही तेच. त्यात फवारणीची भर आहे. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेकडो माणसे रुग्णालयात गेली, काही दगावली. कीटकनाशकाच्या संपर्कानेही डोके दुखते, गळून जायला होते, झोप उडते. प्रश्नावलीला यातले कारण कळत नाही, ती फक्त लक्षण नोंदवते.

दुसरी चूक : गणिताची. पीएचक्यू-९ च्या मूळ अभ्यासात दहा गुणांच्या सीमेवर ८८ टक्के रुग्ण पकडले गेले आणि निरोगी माणसांपैकी ८८ टक्के बरोबर बाजूला निघाले. हे ऐकायला भरवशाचे वाटते. आता एक गाव घ्या, हजार प्रौढांचे. समजा, त्यांतील ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. प्रश्नावली ४४ जणांना पकडेल, ६ सुटतील. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण, चुकून यादीत येतील. यादी झाली १५८ जणांची. त्यात खरे रुग्ण ४४, म्हणजे चारांत एकाहून थोडे अधिक. ‘हजारांत १५८ नैराश्यग्रस्त’ असा मथळा कोणी छापला तर त्याने वस्तुस्थिती तिपटीने फुगवली आणि वर सहा माणसे हरवली ती वेगळीच. हा प्रश्नावलीचा दोष नाही. गाळणीलाच निदान समजणाऱ्याचा दोष आहे. शिवाय ८८ टक्क्यांचा हा हिशेब अमेरिकेतल्या दवाखान्यांतला आहे. तो बंजारा तांड्यावर किंवा कोलाम पोडावर तसाच उतरेल, असे गृहीत धरायला आधार नाही.

तिसरी चूक : कोण विचारते आणि कोण ऐकते. ओसरीवर आशा ताई कागद घेऊन बसली आहे. समोर सून, दारात सासू, अंगणात शेजारीण. ‘जगणे नको वाटते का?’ या प्रश्नाला ती सून काय उत्तर देईल? ‘नाही ताई, सगळं बरं आहे.’ शून्य गुण. घरचा कर्ता पुरुष तर पहिल्या प्रश्नालाच उठून जातो. पुन्हा, पुसदच्या तांड्यांवर घरात गोरबोली चालते, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कोलामी. सरकारी मराठीतला प्रश्न कळतो, पण मनाचे उत्तर घरच्या बोलीतच येते. आशा बहुधा त्याच गावची असते, हे या कामातले मोठे बळ आहे. पण ती त्याच गावची असल्यामुळेच तिच्यापाशी न बोलण्याचेही कारण असते.

एका बाजूला कष्टामुळे फुगलेले गुण, दुसऱ्या बाजूला लाजेने आणि भीतीने दडवलेले गुण. या दोहोंची बेरीज करून काढलेली तालुक्याची टक्केवारी शोभेपुरती असते. त्या यादीतल्या प्रत्येक नावाशी दुसऱ्यांदा, निवांत, एकांतात बोलले गेले तरच तिला अर्थ येतो.

### ३. ‘कर्ज की नैराश्य’ हा खोटा पर्याय

आता पहिल्या पक्षाकडे वळू. त्यांच्या रागामागचे कारण खरे आहे. २००६ मध्ये अमरावती विभागातील महसूल यंत्रणेने पश्चिम विदर्भातील सहा जिल्ह्यांत १७ लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. तिच्यात मनाची लक्षणे मुख्य नव्हती. कर्ज, नापिकी, घरातले आजारपण, मुलीचे लग्न हे विचारले होते. सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबे संकटात निघाली, चार लाखांवर कुटुंबे तीव्र संकटात, आणि तीन लाखांहून अधिक घरांत मुलींची लग्ने पैशापायी अडलेली. इतक्या घरांच्या दुःखाचे कारण त्या घरांतल्या मनांत शोधणे हा उघड अन्याय होय.

पण यावरून मनाकडे बघायचेच नाही, असा निष्कर्ष निघत नाही. सारखेच कर्ज आणि सारखीच नापिकी सोसणाऱ्या दहा घरांत एक माणूस खचतो. तो का खचला हे कर्जाच्या खातेउताऱ्यावर दिसत नाही. ज्याची झोप गेली, ज्याला सावकाराशी किंवा बँकेशी बोलायचे त्राण उरले नाही, पेरणीचा निर्णय घेता येत नाही, त्याचे कर्ज आणखी वाढते. कर्जाने मन खचते आणि खचलेल्या मनाने कर्ज फिटत नाही, असे हे दुहेरी चक्र आहे. ते दोन्ही बाजूंनी तोडता येते. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत दिल्यावर आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे पैशाने मन सावरते. आणि पुढे येणारी विदर्भाची आणि गोव्याची उदाहरणे सांगतात की भाव एक रुपयाने न वाढताही साध्या बोलण्याने मन सावरते. हमीभावाची मागणी करणाऱ्याने समुपदेशकाची मागणी सोडावी, असे यात काहीच नाही.

पहिल्या पक्षाच्या भूमिकेत आणखी एक त्रुटी आहे. ‘शेतकरी’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर सातबारा असलेला पुरुष असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात शेतीक्षेत्रातील ११,२९० आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यांत ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर. मजुराच्या नावावर पीककर्ज नसते, त्यामुळे कर्जमाफी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शेतात राबणाऱ्या बहुतेक बायकांच्या नावावर जमीन नाही. मदतीसाठीच्या ‘पात्र-अपात्र’च्या चाळणीत ही माणसे आधीच गळतात. सातबारा न बघता माणसाला विचारणारे साधन आपल्याकडे असेल, तर ते हीच प्रश्नावली आहे. ती नाकारली तर सर्वांत अदृश्य माणूस पुन्हा अदृश्य राहतो.

### ४. चीनच्या कामगारांकडून घ्यायचा धडा

हा वाद आपल्यापुरता नाही. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन चीनच्या हुनान प्रांतात गेले. तिथे थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मज्जातंतूंची दुर्बलता झाली आहे, असे निदान होत असे. अशा १०० रुग्णांशी सविस्तर बोलल्यावर त्यांतील ८७ जण तीव्र नैराश्याच्या निकषांत बसतात, असे त्यांना आढळले. शरीराच्या तक्रारीआड मन दडलेले असते, हा यातला एक बोध, आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘अंग दुखते, डोके जड पडते’ म्हणत वारंवार येणाऱ्यांना तो लागू आहे. दुसरा बोध अधिक मोलाचा. नैराश्याची औषधे दिल्यावर बहुतेकांच्या लक्षणांत उतार पडला, पण ज्यांच्या नोकरीचा किंवा घरचा पेच कायम होता, त्यांची पीडा पुरती हटली नाही. ज्या अभ्यासाने त्या माणसांना ‘नैराश्य’ हे नाव दिले, त्यानेच नाव पुरेसे नसल्याचेही दाखवले.

तीस वर्षांनी, २०१० मध्ये, शेन्झेनमधल्या फॉक्सकॉनच्या अवाढव्य कारखान्यात एकामागून एक तरुण कामगारांनी आत्महत्या केल्या. कंपनीने इमारतींना जाळ्या बसवल्या, समुपदेशनाची सोय केली, पगारही वाढवले. जगभर मात्र प्रश्न विचारला गेला तो कामाच्या तासांबद्दल आणि घरापासून तुटलेल्या वसतिगृहातल्या जगण्याबद्दल. यातून मी एवढेच घेतो की पगार देणाराच मन मोजणार असेल, तर कामगार खरे बोलणार नाही. नोकरीवर असलेल्या माणसाला आपली चिंता मालकापाशी उघड करणे परवडत नाही. आपल्याकडे हीच गोष्ट बँकेला, पतसंस्थेला, कृषी केंद्रवाल्याला आणि मुकादमाला लागू होते. ज्याच्या हातात माणसाची उधारी किंवा उचल आहे, त्याच्या हाती त्याचे गुण पडता कामा नयेत.

### ५. बांधील मोजणी : हे जमते

मोजणीला सेवा जोडली तर काय घडते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि त्याहून वर मानसोपचारतज्ज्ञ, अशी उतरंड होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी कुणाची मदत घेतली होती. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आणि आत्महत्येचे विचार येण्याचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावे नसल्याने सगळे श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही, हे खरे. पण मदत घेणारे सहापट झाले, ही गोष्ट त्या आक्षेपाने पुसली जात नाही.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून काही मोजक्या बैठकांत नैराश्यावर उपचार करून पाहिले. रुग्ण निवडले ते याच नऊ प्रश्नांनी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतील ६४ टक्के लोकांचे गुण दहाच्या खाली आले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्क्यांचे. तीच प्रश्नावली, तीच गरिबी, तसेच आरोग्य केंद्र. फरक इतकाच की गुण नोंदल्यावर पुढच्या आठवड्यात बोलायला येणारा माणूस ठरलेला होता.

कायदाही हेच सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने शासकीय मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. जिल्ह्यात ठरलेली किमान शासकीय सेवा नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या सेवेकडील उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा आहे. तेव्हा मनाच्या पैसेवारीचे नियम पुढीलप्रमाणे असावेत.

१. दहा किंवा अधिक गुण आले की सात दिवसांत प्रशिक्षित समुपदेशकाची एकांतातली भेट. नवव्या प्रश्नाला होकार आला तर त्याच दिवशी.

२. दर तिमाहीला तालुक्याचे दोन आकडे सोबतच जाहीर व्हावेत : किती जण सापडले आणि त्यांतील किती जणांना प्रत्यक्ष सेवा मिळाली. दुसऱ्या आकड्याविना पहिला छापू नये.

३. लक्षणांसोबत कर्ज, नापिकी, घरातले आजारपण आणि घरातली मारहाण हेही विचारावे आणि त्या व्यक्तीच्या संमतीने संबंधित कार्यालयाकडे ते प्रकरण लावून धरावे.

४. तांड्यावर तांड्यातलीच, पोडावर पोडातलीच बाई विचारणारी असावी, तिला घरच्या बोलीत विचारायला शिकवावे, आणि पाहणी पेरणी, वेचणी व वसुली अशा वेगवेगळ्या हंगामांत व्हावी.

५. समुपदेशक पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण केंद्रांत ठरलेल्या वारी हजर असावा. शंभरेक किलोमीटरवरच्या यवतमाळला जायचे तर एका दिवसाची मजुरी आणि भाडे जाते, आणि खचलेला माणूस तेवढे करत नाही.

६. या कामाचे आशा ताईंना वेगळे आणि वेळेवर मानधन मिळावे. दुसऱ्याचे दुःख ऐकणे हे त्यांच्या लांबलेल्या कामांच्या यादीतले आणखी एक फुकटचे काम असू नये.

### ६. आक्षेप आणि उत्तरे

‘मरणाविषयी विचारले की मरणाचा विचार मनात येतो.’ ही भीती सर्वत्र आहे. आजवरच्या संशोधनात तिला आधार मिळालेला नाही. नीट, आपुलकीने विचारल्यावर माणसाला बहुधा मोकळे वाटते. धोका आहे तो विचारून निघून जाण्यात. ज्याने पहिल्यांदाच कोणापाशी ‘हो’ म्हटले आणि नंतर कोणी फिरकले नाही, तो पुन्हा कोणाला सांगणार नाही.

‘आकड्याला बंधन जोडले तर लोक गुण वाढवून सांगतील.’ रोख मदत जोडली तर तसे होईलही, म्हणून ती जोडू नये. बंधन सेवेचे असावे. समुपदेशकाशी तासभर बोलायला मिळावे म्हणून कोणी खोटे सांगितलेच, तर त्या माणसालाही बोलायची गरज होतीच.

‘एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?’ प्रत्येक गावात ते लागतच नाहीत. विश्राम आणि गोव्याचा अनुभव सांगतो की बहुतांश काम गावातली शिकवून तयार केलेली माणसे करतात. तज्ज्ञ तीव्र रुग्णांसाठी आणि शिकवणाऱ्यांवर देखरेखीसाठी लागतो. आणि जोवर हे उभे राहत नाही तोवर निदान टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक आरोग्य उपकेंद्राच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहायला निधीची वाट पाहावी लागत नाही.

‘यामुळे भावाचा आणि कर्जाचा लढा बोथट होईल.’ उलट होईल. ‘आमच्या तालुक्यात अमुक इतकी माणसे सापडली, त्यांतल्या इतक्यांचे कारण थकलेले पीककर्ज’, असे नोंदीनिशी सांगता आले तर चळवळीच्या हाती पुरावा येतो. आज तिच्या हाती मृत्यूनंतरचा पंचनामा असतो.

### निष्कर्ष

सरकारने ज्या क्षणी एखाद्याच्या ओसरीवर बसून ‘जगणे नको वाटते का?’ असे विचारले, त्या क्षणी ते त्या उत्तराला बांधील झाले. हे बंधन पाळायचे नसेल तर विचारू नये, आणि सेवा न देण्याची मुभा तर कायद्याने ठेवलेलीच नाही. पुसदच्या वाचकांना, पत्रकारांना आणि जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे : यापुढे ताणाखालच्या शेतकऱ्यांचा आकडा जाहीर झाला की त्याच बैठकीत उभे राहून दुसरा आकडा मागा. त्यांतील किती जणांना कोण, कधी भेटले? उत्तर लेखी घ्या, तारखेसह घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.